डालग्यातली तलंग

आत्याबाई ओसरीवर टेकल्या, पिशवी बाजूला ठेवली आणि पाण्याचा तांब्या हातात घेता घेताच त्यांची नजर गोठ्याच्या कोपऱ्याकडे गेली.

"तिकडं डालग्याखाली काय झाकून ठेवलंयस?"

"तलंगा आहेत, आत्याबाई. दोन डालगी, दोन तलंगा. बाजारातनं आणल्यात."

"मग सोड की खुराड्यात. नव्या जिवाला सोबत नको का?"

"एकवीस दिवस नाही सोडणार."

तेवढ्यात एका डालग्याखालून शिंक आली. लहानशी, कोरडी, कुणी डबीचं झाकण चटकन उघडावं तशी. मागोमाग घशातली घरघर. आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"ही आजारी आहे. आज संध्याकाळी कापून टाक. उद्या दहा होतील."

आत्याबाई माझ्या सासऱ्यांच्या बहीण. जुन्नरच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती आहे आणि तिथे त्यांनी पन्नास वर्षं कोंबड्या पाळल्या. बिबट्या, मुंगूस, घार आणि मर, सगळ्यांशी त्या झगडल्या. माझा अनुभव आठ वर्षांचा. कोंबड्यांच्या बाबतीत आमचं एकमत क्वचित होतं, पण त्या आल्या की मी मुद्दाम हा विषय काढते. त्यांच्याशी भांडताना मला माझंच म्हणणं नीट कळतं.

"कापायची नाही," मी म्हणाले. "काल डॉक्टरांना दाखवली. डोळ्यात फेस येतोय, एक डोळा सुजलाय, नाकातनं पाणी आहे. सर्दीचा आजार म्हणाले. पाण्यातनं औषध चालू केलंय. औषध चालू असताना आणि संपल्यावरही ते सांगतील तितके दिवस तिचं मटण खायचं नाही. आणि आजारी कोंबडी खाण्यासाठी कापू नये, हे तर नेहमीचंच."

"आम्ही किती खाल्ल्या. काही झालं नाही."

"झालं नाही हे नशीब. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला काय झालं ते आठवतं ना? देशातला पहिला बर्ड फ्लू तिथला. शेडच्या शेड रिकाम्या केल्या, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आपल्या खुराड्यात काय शिरलंय ते सुरी लावताना आपल्याला दिसत नाही. एकाएकी चार-पाच कोंबड्या मेल्या तर हातही लावायचा नाही, सरळ दवाखान्यात कळवायचं."

आत्याबाईंना नवापूर आठवत होतं. त्या वर्षी आमच्या भागात अंड्यालाही गिऱ्हाईक नव्हतं.

"बरं, खाऊ नको. मारून पूर," त्या म्हणाल्या. "पण माझा मुद्दा तोच. एका कोंबडीपायी तू दहा पणाला लावतेस. कोंबडीची शुश्रूषा माणसासारखी करत नाहीत. जी तगेल ती आपली."

हे बोलणं निर्दय वाटतं. मलाही पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या अंगणात जे झालं त्यात माझ्या मायेचाही हात होता.

तेव्हा चौदा कोंबड्या होत्या. बाजारातून एक काळी, टपोऱ्या डोळ्यांची कोंबडी आणली आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडली. चौथ्या दिवशी ती पंख पाडून, मान आत ओढून पेंगायला लागली. खाली हिरवी पातळ हगवण. मला तिची फार दया आली. दिवसातून सहा वेळा तिला उचलायची, गुळाचं पाणी पाजायची, त्याच ओल्या हातांनी बाकीच्यांना दाणे टाकायची. पाण्याचं भांडंही सगळ्यांना एकच. ती मेली. तिच्यामागे तीन दिवसांनी दोन मेल्या, मग एका दिवसात चार. एकीची मान पिळल्यासारखी उलटी फिरली होती; चोच आभाळाकडे आणि पाय मागे सरकत होते. दाणा टिपायला जायची आणि चोच भलतीकडेच पडायची. डॉक्टरांनी पाहताच सांगितलं, मानमोडी. राणीखेत. त्याला औषध नाही. चौदापैकी तीन उरल्या.

"तेव्हा तुम्ही म्हणालात तेच करायला हवं होतं," मी आत्याबाईंना म्हणाले. "मानमोडीची कोंबडी मी सांभाळत बसले आणि तोच रोग घरभर पोचवला. ते मी मान्य करते."

"मग आता का हट्ट?"

"कारण ही मानमोडी नाही. आणि या वेळी हिला वेगळी ठेवलीय. दाणा-पाणी आधी निरोगी कोंबड्यांना, मग दुसऱ्या तलंगेला, सगळ्यांत शेवटी हिला. हिच्यापाशी जायची चप्पल वेगळी, भांडं वेगळं, आणि हिला हात लावल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खुराड्याकडे फिरकायचं नाही. शुश्रूषेला माझा नकार नाही. तिला क्रम हवा."

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, डालग्यापाशी गेल्या. मी साबण आणि पाण्याची बादली आणून ठेवली.

त्यांनी डालगं उचललं आणि तलंगेला इतक्या सहज धरलं की तिनं फडफडही केली नाही. डावा तळवा पोटाखाली, पाय दोन बोटांत, डोकं कोपराकडे. आधी छातीच्या मधल्या हाडावरून अंगठा फिरवला. "हाड धार लागल्यासारखं वर आलंय. ही आजची आजारी नाही. पंधरा दिवसांपासून उपाशी आहे." मग गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. "रिकामी. सकाळी रिकामी हवी, ते ठीक. पण आता दुपार झाली. काही खाल्लं नाही हिनं." पिसं उलटी करून शेपटीखाली पाहिलं. कातडीवर पिवळसर उवा पळाल्या आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसले. तुरा फिकट. पायाचे खवले मात्र गुळगुळीत. "खरूज नाही पायाला. नायतर तेल चोपडावं लागलं असतं."

हे सगळं त्यांनी दोन मिनिटांत केलं. मी तीन दिवस तिच्याकडे बघत होते, पण मला डोळा आणि शिंक यापलीकडे काही दिसलं नव्हतं. खरं म्हणजे पहिल्या दिवशी मी तिच्या अंगाला हात लावून "ताप आलाय" म्हणून घाबरले होते. कोंबडीचं अंग नेहमीच एकेचाळीस अंशांच्या आसपास असतं; आपल्या हाताला ते तापल्यासारखं लागणारच. आत्याबाईंच्या हाताला पन्नास वर्षांचं माप आहे.

"पाणी कसं पाजतेस?" त्यांनी विचारलं.

"चमच्यानं, चोच उघडून."

"तसं नको. जिभेच्या मागंच श्वासाची वाट आहे. पाणी छातीत जातं आणि आपल्या हातानंच मरते. चोचीचं टोक नुसतं बुडव. ओलावा लागला की स्वतः मान वर करून गिळेल."

त्यांनी तसं करून दाखवलं. तलंगेनं मान वर केली, पापणी मिटली, गळा हलला. तीन वेळा. मग मी भिजवलेली बाजरी आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं ठेवलं. तिनं अंड्याचा एक कण टिपला. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखीचं होतं. कापायला सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर ते नसतं.

"उवांना चुलीची राख," त्या हात धुताना म्हणाल्या. "आणि लसूण-हळद कुटून गोळ्या चार."

"राख घालते. पण हळदीनं हा आजार जाणार नाही, आत्याबाई. मानमोडी तर नाहीच नाही."

"हळदीनं काही जात नाही असं म्हणतेस?"

"चोचीनं झालेल्या जखमेवर मीही हळद आणि तेल लावते. लाल रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत राहतात, ते झाकतं. पण हळद चारून चार दिवस वाट पाहिली आणि दवाखाना टाळला, की नुकसान त्या चार दिवसांत होतं."

त्या थोड्या दुखावल्या. मला बोलण्याची पद्धत सुधारायला हवी, पण मुद्दा मी सोडणार नव्हते.

"एकवीस दिवस हे कुठून काढलंस?" त्यांनी मग विचारलं.

"तुमच्याच खुडूक कोंबडीकडून समजा. अंड्यांवर बसली की एकवीस दिवस आपण तिला हलवत नाही, घाई करत नाही. मानमोडीचा विषाणू अंगात शिरला की आठवड्याच्या आत-बाहेर लक्षण दिसतं, क्वचित दोन आठवडे लागतात. एकवीस दिवसांत पिल्लू तरी बाहेर येतं नाहीतर रोग तरी."

त्या हसल्या. "आणि ही तर नवव्या दिवशीच शिंकली."

"म्हणून दुसरीचे दिवस परत पहिल्यापासून मोजतेय. तोवर दोघी एकाच डालग्यात होत्या."

दुसरी ठणठणीत निघाली तरी तिला एकदम कळपात ढकलणार नाही, हेही मी सांगितलं. आधी आठवडाभर जाळीच्या अलीकडे, म्हणजे एकमेकींना बघता येईल पण टोचता येणार नाही. मग एका रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, हळूच मधे बसवायची. सकाळी दाण्याच्या दोन पाट्या लांब लांब ठेवायच्या. कोंबड्यांत मान-पान ठरलेला असतो; कोण आधी खाणार, कोण दांडीवर वर बसणार. नवी आली की तो सगळा पुन्हा ठरतो, चोचीनं. यावर आत्याबाईंचं माझं एकमत होतं. "रात्री घालायची हे माझ्या सासूनं सांगितलेलं," त्या म्हणाल्या.

चहा झाला. आणि मग मी तो प्रश्न विचारला जो मला दोन वर्षं विचारायचा होता.

"आत्याबाई, ती काळी कोंबडी बाजारात आली कशी? धडधाकट दिसत होती. मला वाटतं ज्या घरातनं ती आली त्या घरात मर लागली होती. कुणीतरी उरलेल्या कोंबड्या पाटीत भरल्या आणि बाजार गाठला."

त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी पालथी ठेवली.

"मी विकल्यात," त्या म्हणाल्या. "थोरला दहावीला होता. फी भरायची होती. सकाळी उठले तर खुराड्यात दोन मेलेल्या. उरल्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. त्या मेल्या असत्या तर फी कुठून भरली असती? पाटीत घातल्या, वर फडकं बांधलं, बाजारात बसले. एका बाईनं तीन घेतल्या. तिनं विचारलं, बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, बऱ्या आहेत."

बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो.

मी त्यांना दोष देऊ शकले नाही. कोरडवाहू वस्तीवरच्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा येतो तो अंड्याचा आणि कोंबडीचा. पाहुणा आला, पोर आजारी पडलं, वही घ्यायची झाली की हात खुराड्यात जातो. मर लागली की तो सगळा ठेवा दोन-चार दिवसांत मातीत जातो. अशा वेळी बाजार गाठू नको असं सांगणं सोपं आहे. पण त्या तीन कोंबड्या घेऊन गेलेल्या बाईच्या घरीही खुराडं होतं. तिच्याही घरी कुणीतरी दहावीला असेल.

"रोग वाऱ्यावर येतो म्हणतात," मी म्हणाले. "मला वाटतं तो पाटीतनं येतो. तुम्ही विकता, मी घेते, मी विकते, तिसरी घेते. म्हणून मी भांडते. कोंबडी पाळा, पुरा, तुमच्या मनाला पटेल ते करा. पण आजारी घरातली कोंबडी विकू नका."

"आणि नुकसान? ते कोण भरून देणार?"

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. अर्धं आहे, ते लसीचं.

मानमोडीला आपल्याकडे राणीखेत म्हणतात ते कुमाऊंच्या डोंगरातल्या गावावरून. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हा रोग नोंदवला गेला, लगेच १९२७ मध्ये राणीखेतला. आणि त्याच डोंगरांत, मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत, त्याच्या लशीचा आर-टू-बी हा वाण पुढे तयार झाला. आता आपल्या पुण्यात, औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत, राणीखेतची लस बनते. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात नाहीतर नाकपुडीत. आठ आठवड्यांच्या सुमाराला आर-टू-बीची सुई, पंखाखाली कातडीत. त्याआधी जंताचं औषध.

"सुई टोचली त्याच आठवड्यात वरच्या आळीत सहा मेल्या," आत्याबाई म्हणाल्या. "मला नको सांगूस."

"त्या घरात आधीच दोन पेंगत होत्या. विषाणू अंगात शिरल्यावर लस कामाची नाही. ती अंगात मुरायला दहा-पंधरा दिवस लागतात. शिवाय आजारी कोंबडीला टोचलेली सुई तशीच पुढच्या निरोगी कोंबडीला टोचली तर आपणच रोग देतो. लस निरोगी कळपाला द्यायची, मर यायच्या आधी. आणि ती बर्फात आणायची. एसटीत मांडीवर घेऊन, उन्हातनं आणलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी."

"कुपीत किती असतात?"

"शंभर कोंबड्यांपुरती, बहुतेक. विरघळवली की तास-दोन तासांत संपवायची. माझ्याकडे दहा-बारा कोंबड्या. नव्वद डोस ओतून द्यायला जिवावर येतं, म्हणून कुणी एकटं आणत नाही. गेल्या माघात आम्ही वाडीतल्या चौदा घरांनी मिळून आणली."

ती रात्र मला स्पष्ट आठवते. अंधार पडल्यावर कोंबड्या दांडीवर बसल्या की त्यांना धरायला पळापळ लागत नाही. पुढे डॉक्टर, त्यांच्यामागे बर्फाचा थर्मास धरलेली मी, बॅटरी धरलेला शेजारच्यांचा मुलगा. प्रत्येक घरी आम्ही आधी विचारायचो, कुणी पेंगत नाही ना. एका घरी एक पेंगत होती. ते घर आम्ही सोडून दिलं. ती बाई रडकुंडीला आली, पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तिच्या खुराड्याभोवती चुना टाकला आणि कोंबड्या बाहेर सोडल्या नाहीत. पाऊण तासात सत्तरच्या वर कोंबड्या झाल्या. त्या उन्हाळ्यात त्या घरात तीन गेल्या. बाकी वाडीत मर आली नाही.

"आमच्या वस्तीवर कोण आणणार बर्फाची लस?" आत्याबाई म्हणाल्या, पण आवाज बदलला होता.

"मी आणते. आठ दिवस आधी सांगा, जंताचं औषध तुम्ही द्या."

त्यांनी मान डोलावली नाही, नकारही दिला नाही. पुन्हा डालग्याकडे पाहिलं.

"हिचं पुढं काय? बरी झाली की खुराड्यात?"

हा त्यांचा सगळ्यांत अवघड प्रश्न होता. सर्दीच्या या आजारातून उठलेली कोंबडी वरून बरी दिसते, पण रोग तिच्या अंगात टिकून राहू शकतो. पावसाळा आला, जागा बदलली, ताण पडला की तो पुन्हा डोकं काढतो आणि शेजारच्या दांडीवर जातो. डॉक्टरांनी हे काल स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे मी तिला वाचवलं तरी कळपात घेता येणार नाही.

"वेगळीच ठेवेन. गोठ्याच्या मागं जाळी मारून."

"एकटी कोंबडी सुखात राहत नाही."

"माहीत आहे."

"मग कापायला का नको? औषधाचे दिवस संपले, अंग भरलं, की. विकायची तर तुला नाहीच."

मी उत्तर दिलं नाही, कारण त्यांचं चुकत नव्हतं. आणि तरी मला ते अजून म्हणायचं नव्हतं. तिनं नुकताच अंड्याचा कण टिपला होता.

बाहेर मोटारसायकल थांबली. मागे लोखंडी पिंजरा, त्यात दहा-बारा कोंबड्या दाटीनं कोंबलेल्या, एक चोच जाळीतून बाहेर. गावोगाव फिरून कोंबड्या घेणारा माणूस. त्यानं रस्त्यावरूनच डालग्याकडे पाहिलं. पारख असते त्यांना.

"ताई, ती तलंग द्यायची का? तीनशे देतो. आत्ता."

मी बोलायच्या आधी आत्याबाई उठल्या. पदर खोचला, डालग्यावर आणखी एक पोतं ओढलं आणि डालगं आणि तो माणूस यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"आजारी आहे ती," त्या म्हणाल्या. "आणि पिंजरा घेऊन अंगणात येऊ नको. रस्त्यावरच थांब."